ब्रायटनचे शेख दीन महंमद

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारे ५० मैलांवर, ब्रायटन नावाचे शहर आहे. तेथील किनारा आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासारखा मऊ वाळूचा नव्हे. सर्वत्र गुळगुळीत दगडगोटे पसरलेले असून लाटा परततांना त्यांचा खळखळाट दूरवर ऐकू येतो. १८१४ साली या शहरात पंचावन्न वर्षांचा एक हिंदी गृहस्थ पोट भरण्यासाठी बायकामुलांसह येऊन राहिला. दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये त्याचे दिवाळे निघाले होते. गाठीशी पैसा नव्हता, आणि नवा धंदा आरंभण्याचे वयही राहिले नव्हते. तथापि आठ-दहा वर्षांच्या आतच इंग्लंडच्या राजाची सेवा करण्याचा मान त्याला मिळाला, आणि आपल्याकडील एक घरगुती शब्द इंग्रजी भाषेत त्याने कायमचा रूढ करून सोडला. हे गृहस्थ म्हणजे पाटण्याचे शेख दीन महंमद होत.

त्यांचा जन्म १७५९ साली पाटणा येथे झाला. आपल्या इतिहासाच्या हिशेबाने सांगावयाचे तर पानिपतच्या संग्रामापूर्वी दोन वर्षे आणि प्लासीच्या लढाईनंतर दोन वर्षे. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाली फौजेत सुभेदार होते. मुलगा दहा वर्षांचा असतांना ते कामगिरीवर असता मारले गेले. त्या पोरक्या वयात मुलाची दृष्टी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या छावणीकडे वळली. लाल डगले, घोडे, नगारे, तंबू यांची त्यास विलक्षण भुरळ पडली. गॉडफ्रे इव्हान बेकर नावाच्या एका तरुण आयरिश अधिकाऱ्याने त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. त्याला परत नेण्यासाठी आईने पुष्कळ आकांत केला. परंतु मुलाचा हट्ट तिला मोडवला नाही. वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडून जो तो निघाला, तो पुन्हा घरचा असा कधी झालाच नाही.

यापुढील सुमारे चौदा वर्षे बंगालच्या फौजेबरोबर हिंडण्यात गेली. प्रथम बेकरचा आश्रित, पुढे छावणीच्या बाजारावर देखरेख करणारा, नंतर जमादार आणि शेवटी सुभेदार, अशी ही चढण होती. काशीचा राजा चेतसिंग याच्याविरुद्ध १७८१ साली कंपनीने जी मोहीम केली, तीत दीन महंमद होते. याच बंगाली फौजेच्या एका तुकडीने त्याआधी एक वर्ष, १७८० च्या ऑगस्टमध्ये, शिंद्यांच्या ताब्यातील ग्वाल्हेरचा अजिंक्य समजला जाणारा किल्ला रात्री शिड्या लावून घेतला होता. ग्वाल्हेरच्या वाचकांना ही हकीकत ठाऊक असेलच. स्वकीयांच्या राज्यांविरुद्ध परक्यांच्या पलटणीत चाकरी करणाऱ्या या माणसाविषयी आपल्या मनात प्रथम किंचित अढी येते, हे खरे. परंतु त्या काळी शिपाईगिरी हा पोटाचा उद्योग होता. ज्याचे मीठ खावे त्याच्यासाठी लढावे, एवढाच हिशेब शेकडो घराण्यांना ठाऊक होता. दीन महंमदांचे घराणे त्यांतलेच एक होते.

१७८२ साली बेकरवर बालंट येऊन त्याने नोकरी सोडली आणि स्वदेशी परतण्याचे ठरविले. दीन महंमदांनीही आपली सुभेदारी सोडली व त्याच्याबरोबर जहाजावर पाऊल ठेवले. १७८४ साली, म्हणजे ज्या वर्षी दिल्लीच्या बादशहाचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला त्याच वर्षी, ते आयर्लंडमधील कॉर्क या बंदराच्या शहरी पोहोचले. विलायतेस गेलेल्या आद्य हिंदी पुरुषांत आपण राजा राममोहन रॉय यांचे नाव घेतो. राजाजी तेथे पोहोचले १८३१ मध्ये. हिंदी खलाशी व नोकरचाकर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून जहाजांबरोबर जात-येत होते, आणि दीन महंमदही खरे पाहता अशा नोकरचाकरांतच जमा होते. फरक इतकाच, की ते तेथे राहिले, इंग्रजी शिकले, आणि लिहू लागले.

कॉर्कमध्ये त्यांनी १७८६ साली एका आयरिश तरुणीशी विवाह केला. हा विवाह पळून जाऊन करावा लागला, व त्यासाठी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७९४ साली त्यांचे प्रवासवृत्त दोन भागांत प्रसिद्ध झाले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक होय. एका काल्पनिक मित्रास लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने त्यांत पाटणा, कलकत्ता, काशी, ढाका इत्यादी शहरे, फौजेची कूच, लग्नविधी, फळे-मसाले यांचे वर्णन आहे. काही मजकूर त्यांनी इतर युरोपीय प्रवाशांच्या पुस्तकांतून उचलला होता, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. त्या काळी ही रीत सर्रास होती. तरीही आपल्या देशाविषयी इंग्रजी वाचकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा तो पहिला हिंदी आवाज होता, हे काही खोटे नव्हे. पुस्तक छापण्यासाठी आगाऊ वर्गणी देणाऱ्यांची यादी लांबलचक असून तीत कॉर्कच्या आसपासची बडी बडी मंडळी दिसतात. १७९९ साली लखनौचे मिर्झा अबू तालिब खान विलायतेच्या प्रवासात कॉर्कला आले, तेव्हा त्यांना हा आपला देशबांधव तेथे बिऱ्हाड थाटून राहिलेला भेटला, व त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली.

सुखवस्तू नव्हे, पण स्थिर असे ते जीवन सोडून १८०७ च्या सुमारास दीन महंमद लंडनला गेले. मद्रासेत आरमाराला रसद पुरवून गबर झालेला बेसिल कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश सरदारपुत्र तेव्हा पोर्टमन चौकात राहत असे. त्याने आपल्या वाड्यात बाष्पस्नानाची, म्हणजे आपल्या भाषेत वाफाऱ्याची, सोय केली होती. त्याच्याकडे दीन महंमदांना काम मिळाले. वाफाऱ्याबरोबर अंग चेपण्याची देशी कला त्यांनी तेथेच प्रथम उपयोगात आणली, असे मानतात. परंतु त्यांच्या मनात दुसरीच महत्त्वाकांक्षा होती. १८१० साली त्यांनी जवळच जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे, निराळ्या दालनात हुक्का, आणि ताटात मसाल्याचे हिंदी पदार्थ. हिंदी माणसाने लंडनमध्ये काढलेली ही पहिली खाणावळ.

खाणावळ चालली नाही. त्याची कारणे शोधणे अवघड नाही. ज्या निवृत्त साहेबांना कालवणाची चटक लागली होती, त्यांच्या घरी स्वयंपाकाला हिंदी नोकर होतेच. आणि ज्यांनी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता, त्यांना मिरी-मसाल्याचे अप्रूप वाटण्याचे दिवस अजून यावयाचे होते. दीन महंमदांनी पदार्थ उत्तम केले असतील. परंतु साज फार खर्चाचा होता आणि हाती भांडवल अपुरे होते. १८१२ साली त्यांचे दिवाळे निघाले. कंपनीच्या फौजेतील सुभेदार, दोन भागांच्या पुस्तकाचा कर्ता, आणि एका शानदार खाणावळीचा मालक अशा या पुरुषाने १८१३ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बटलरची किंवा एखाद्या सद्गृहस्थाच्या खासगी नोकराची जागा हवी होती. बाजारहाट येतो, स्वयंपाकघराची व्यवस्था पाहता येते, शहरात अथवा खेड्यात कोठेही जावयाची तयारी आहे, अशा आशयाची ती जाहिरात होती. चोपन्न वर्षांचा माणूस चाळीस वर्षांच्या प्रवासानंतर पुन्हा जेथून निघाला तेथेच, साहेबाच्या दाराशी, येऊन उभा राहिला होता. त्या चार-दोन ओळी लिहितांना त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा वेळी त्यांनी ब्रायटनची वाट धरली. हे ठिकाण त्यांनी का निवडले हे समजण्यासाठी त्या शहराचा थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रायटन हे कोळ्यांचे एक उतरती कळा लागलेले गाव होते. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्राच्या पाण्याने गाठींचे व इतर रोग बरे होतात असा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, आणि पुढे तो स्वतः या गावी येऊन राहिला. श्रीमंत रोगी त्याच्या मागोमाग आले. समुद्रात स्नान करावयाचे, आणि ते पाणी प्यावयाचेसुद्धा! चाके लावलेल्या लाकडी खोलीत बसून घोड्याकरवी पाण्यात जावयाचे, व तेथे उभ्या असलेल्या दणकट कोळिणींनी त्या सुकुमार स्त्रियांना लाटांत बुचकळून काढावयाचे, असा तो प्रकार असे. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज प्रथमच तेथे आला आणि त्या गावाच्या प्रेमात पडला. राजपुत्र आला म्हणजे दरबार आला, दरबाराबरोबर सावकार, शिंपी, नट आणि वैद्यही आले. १८०१ च्या शिरगणतीत सात हजारांच्या थोडी वर असलेली वस्ती १८३१ मध्ये चाळीस हजारांवर गेली. दुखणे आणि करमणूक या दोहोंवर पैसा खर्चण्यासाठीच लोक जेथे येत होते, अशा गावी दीन महंमद आले. शिवाय १८१५ पासून जॉन नॅश हा वास्तुविशारद युवराजाच्या तेथील प्रासादाला घुमट आणि मिनार चढवून त्यास हिंदी रूप देऊ लागला. पाटण्याच्या माणसाला याहून अनुकूल मुहूर्त कोठला मिळावयाचा?

डेव्हनशायर प्लेस येथील एका स्नानगृहात त्यांनी कामास आरंभ केला. त्यांचा विधी असा असे : रोग्याला प्रथम औषधी वनस्पती घातलेल्या पाण्याच्या वाफेत बसवीत. त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू असे, आणि त्या तंबूला बाहेरच्या बाजूने बाह्या शिवलेल्या असत. घामाने अंग सैल झाले की मर्दन करणारा बाहेरूनच त्या बाह्यांत हात घालून रोग्याचे सांधे व स्नायू चेपी. वनस्पती हिंदुस्थानातून आणविलेल्या आहेत असे दीन महंमद सांगत. संधिवात, पक्षाघात, आखडलेले सांधे, जुने मुरगळणे अशा तक्रारींवर हा उपाय होता. आपल्याकडे थकल्याभागल्या वडिलांचे पाय मुले चेपतात, न्हावी डोक्याची चंपी करतो, बाळंतिणीला शेकशेगडी व मर्दन असते. त्यांत नवल ते काय? पण तेथे ते नवल होते. एका परक्या, काळ्यासावळ्या माणसाने अंगाला हात लावावा, हेच त्या लोकांना प्रथम विपरीत वाटले. डॉक्टरांनी थट्टा केली. पहिल्या काळात कित्येक रोग्यांवर दीन महंमदांनी मोफत उपचार केले. बरे झालेले लोक हीच त्यांची जाहिरात झाली. ज्यांना कुबड्यांची गरज उरली नाही, ते आपल्या कुबड्या तेथेच ठेवून जात, आणि त्या भिंतीवर टांगलेल्या असत. नव्या रोग्याची नजर आधी तिकडे जाई.

या उपचारास त्यांनी ‘शाम्पू’ हे नाव दिले. मूळ हिंदी शब्द चाँपना, म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचे आज्ञार्थी रूप चाँपो. हिंदुस्थानात राहून गेलेल्या इंग्रजांच्या लिखाणात तो अठराव्या शतकातच शिरला होता. परंतु सामान्य इंग्रजाच्या तोंडी तो बसविला दीन महंमदांनी. त्या वेळी त्याचा केसांशी काही संबंध नव्हता. तो अर्थ पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, न्हाव्यांच्या दुकानांतून आला. आज आपण दुकानातून शाम्पूची बाटली आणतो तेव्हा आपल्याच चंपीचा शब्द साता समुद्रांपलीकडून वेश पालटून परत आलेला असतो.

१८२१ साली किंग्ज रोडवर, ऐन समुद्रासमोर, ‘महंमद्स बाथ्स’ ही नवी टोलेजंग इमारत उभी राहिली. भांडवल एका भागीदाराचे होते, आणि कौशल्य व नाव दीन महंमदांचे. स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी निरनिराळे विभाग असत. स्त्रियांचा विभाग त्यांची पत्नी जेन पाही. दोन्हीकडे अभिप्रायाच्या वह्या ठेवलेल्या असत, व त्यांत सरदार-उमराव स्वहस्ते सही करून जात. १८२२ मध्ये त्यांनी आपल्या उपचारपद्धतीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. चौथा जॉर्ज व त्यानंतर चौथा विल्यम या दोन राजांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ अशी त्यांना पदवी मिळाली. राजप्रासादातील स्नानगृहावर त्यांची देखरेख असे. शर्यतींसारख्या समारंभांना ते मोगली थाटाचा दरबारी पोशाख करून जात. तोच माणूस आठ-दहा वर्षांपूर्वी बटलरची जागा शोधीत होता, हे गर्दीत कोणाला ठाऊक असणार?

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रायटनला आल्यावर दीन महंमदांनी आपल्या पूर्वायुष्याची हकीकत बदलली. कंपनीच्या फौजेत आपण वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, असे ते आता सांगू लागले. आणि त्या काल्पनिक शिक्षणाची वर्षे कोठेतरी बसवावी लागल्याने जन्मसाल दहा वर्षे मागे नेऊन १७४९ केले. १७९४ च्या पुस्तकात त्यांनी खरी हकीकत स्वतःच छापली होती. पण ते पुस्तक ब्रायटनमध्ये कोण वाचणार? त्यांच्या कृतीचे समर्थन करावे असे मला वाटत नाही. रोगी विश्वासाने येतो, आणि त्याला उपचारकाच्या शिक्षणाविषयी खरे सांगणे हा धर्मच आहे. मात्र दुसरीही बाजू लक्षात घेतली पाहिजे. पुस्तक लिहिले तेव्हा ते खरे बोलले, आणि त्याने त्यांचे पोट भरले नाही. खाणावळीत त्यांनी खरे हिंदी जेवण वाढले, आणि दिवाळे निघाले. ब्रायटनला हवा होता तो पूर्वेकडचा गूढ, वयोवृद्ध वैद्य. आणि ते त्या रूपात उभे राहिले. बोटांतले कसब मात्र बनावट नव्हते. दोन राजे आणि शेकडो रोगी केवळ पोशाख पाहून वर्षानुवर्षे येत राहत नाहीत.

भरभराटीचा काळ पंधरा-वीस वर्षे टिकला. इतर स्नानगृहांनीही हीच चंपी सुरू केली. १८३७ मध्ये गादीवर आलेल्या राणी व्हिक्टोरियाला ब्रायटनची गर्दी मानवली नाही. १८४५ नंतर ती तेथे फिरकली नाही, आणि प्रासाद अखेर १८५० मध्ये नगरपालिकेने विकत घेतला. १८४१ मध्ये आगगाडी आली आणि बड्या लोकांच्या गावात लंडनचे कारकून व दुकानदार सुटीला येऊ लागले. भागीदार वारल्यावर स्नानगृहाची ती इमारत विकली गेली. तिच्यावर नाव होते दीन महंमदांचे, परंतु मालकी त्यांची कधीच नव्हती, आणि ती विकत घेण्याची ऐपतही नव्हती. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी एका लहानशा घरात पुन्हा उपचार चालू ठेवले. १८५० च्या डिसेंबरमध्ये जेन वारली; त्यानंतर दोन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, तेही गेले. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. शिळेवर पाटणा, हिंदुस्थान असे गाव कोरलेले असून वय १०१ दिले आहे. वय दहा वर्षांनी वाढविलेले आहे. गाव खरे आहे. पासष्टाहून अधिक वर्षे विलायतेत काढून, धर्म आणि वेश पालटूनही, त्या गावाचे नाव त्यांच्यापासून सुटले नव्हते.

त्यांच्यामागून लवकरच त्यांचे नाव विसरले गेले. १७९४ चे प्रवासवृत्त विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी पुन्हा उजेडात आणले, आणि जॉर्ज स्ट्रीटवर २००५ साली त्यांच्या खाणावळीची स्मृतिपाटी बसली. किंग्ज रोडवरील स्नानगृहाच्या जागी आता एक हॉटेल आहे. त्यांचा एक मुलगा ब्रायटनमध्ये तलवारीचे पट्टे शिकवीत असे. त्याचा मुलगा फ्रेडरिक अकबर महंमद १८४९ साली, म्हणजे आजोबांच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे, जन्मला. हा नातू खरोखरच वैद्यक शिकला व लंडनच्या गाय्ज रुग्णालयात काम करू लागला. नाडीचे आलेख काढणाऱ्या उपकरणात त्याने सुधारणा केली. मूत्रपिंडाचा विकार नसतांनाही माणसाचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे त्याने त्या आलेखांवरून ओळखले. आज उच्च रक्तदाब हा स्वतंत्र विकार मानला जातो, त्याच्या आद्य संशोधकांत त्याची गणना होते. रुग्णसेवा करीत असतांना विषमज्वर होऊन १८८४ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला.